भुकेल्या घरांसाठी भाजीचा एक जास्तीचा वाफा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपड्याहून लिहितेय. आम्ही दहा-अकरा घरं आहोत, कोणाची गच्ची, कोणाचं परसदार, कोणाच्या मळ्यातला विहिरीजवळचा तुकडा, आणि गेली पाच वर्षं आम्ही घरच्या भाजीसोबत थोडी जास्तीची भाजी लावून ती गरज असलेल्या घरांना पोचवतो. जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडून फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय.

म्हणजे उरलेली भाजी वाटायची का?

नाही, आणि हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बी टाकतानाच ठरवायचं की हा वाफा आपला नाही. "उरलं तर देऊ" म्हणणाऱ्याच्या घरी कधी काही उरत नाही, आणि उरतं तेव्हा गावात सगळ्यांकडेच उरलेलं असतं. पहिल्या वर्षी आम्ही जानेवारीत मोठ्या हौशीने १२ किलो मेथी घेऊन एका शाळेत गेलो, तर तिथे आधीच मेथीचा ढीग पडलेला, कारण त्या आठवड्यात बाजारात मेथीला कोणी विचारत नव्हतं आणि प्रत्येक शेतकरी तीच देऊन गेला होता. तीच शाळा जुलैमध्ये नुसती डाळ-भात शिजवत होती. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो आणि मग पेरतो.

ही कल्पना तुमची का?

बाहेरही आहे आणि आपलीही आहे. १९९५ मध्ये अलास्कातल्या अँकरेज शहरात जेफ लोवेनफेल्स नावाचे बागकामावर सदर लिहिणारे गृहस्थ होते, त्यांनी पेपरातून वाचकांना सांगितलं की तुमच्या बागेत एक ओळ जास्तीची लावा आणि ती भाजी गावातल्या अन्नछत्राला द्या. तिथून ती गोष्ट अमेरिकाभर गेली. पण आपल्याकडे सरवा, म्हणजे पीक काढल्यावर वावरात राहिलेलं गरजूंना वेचू द्यायची रीत, होताच की. माझी आजी भुईमूग उपटून झाला की शेवटी वावर पूर्ण झाडून घेऊ द्यायची नाही, म्हणायची सरवा वेचणाऱ्या बाया येतील, त्यांच्या नशिबाचं राहू द्या. फरक एवढाच की सरवा पिकाच्या शेवटी असतो आणि हा वाफा सुरुवातीला असतो.

आता तर रेशनवर धान्य फुकट मिळतं, मग उपाशी कोण आहे?

हा प्रश्न रागाने विचारला जातो कधी कधी, पण प्रश्न चांगला आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो मिळतं, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. ही खूप मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखायचं नाही. पण त्यात गहू-तांदूळ आहे, भाजी नाही. आमच्या गल्लीच्या मागे राहणाऱ्या एक माय म्हणाल्या, "घरमा तांदूळ शेतस, पन भाजीले पैसा नहीत." भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मीठ, दोन्ही वेळेला तेच, आठवडाभर तेच. पोट भरल्यासारखं वाटतं पण पोराच्या अंगाला काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि बाजारात गवार चढली की पाच माणसांच्या मजुराच्या घरात आठवड्याला अर्धा किलो भाजी आली तरी खूप.

शिवाय कामासाठी गाव सोडणाऱ्यांचं वेगळंच. धडगाव, अक्कलकुव्याकडची किती घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, वीटभट्टीवर राहतात, कार्ड गावाकडे राहतं. एक देश एक रेशन कार्ड योजनेत दुसरीकडेही धान्य उचलता येतं पण ते माहीत असणं, अंगठा लागणं, दुकानदाराने हो म्हणणं, सगळं जमून यावं लागतं. एकटे राहणारे म्हातारे माणसं, नवरा गेलेल्या बाया, सरकारी दवाखान्यात पेशंटसोबत आठ-आठ दिवस राहणारे नातेवाईक, हे पण त्यातच आले. उपाशी माणूस दरवेळी रस्त्यावर हात पसरलेला नसतो, तो शेजारच्या गल्लीत दार लावून बसलेला असतो.

जागा किती लागते?

आमच्याकडे १० बाय ४ फुटाचा वाफा हे माप आहे, त्यातून पालकाची एक कापणी साडेतीन-चार किलो मिळते आणि नीट खत-पाणी असलं तर तीन कापण्या होतात. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे आणि सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम, म्हणजे ६० लहान पोरांच्या शाळेला ३ किलो भाजी झाली. एका वाफ्याची एक कापणी म्हणजे एका छोट्या शाळेची एका दिवसाची भाजी. ज्यांच्याकडे फक्त गच्ची आहे त्यांनी चार ग्रो बॅग नाहीतर जुने क्रेट लावा, गिलक्याचा (घोसाळ्याचा) एकच वेल कठड्यावर सोडला तरी हंगामात दोन घरांना पुरतो.

काय लावायचं आणि कधी?

इथे थोडं सविस्तर सांगते कारण सगळा खेळ इथेच आहे.

हिवाळ्यात खान्देशात कोणीही भाजी पिकवतो. मेथी, पालक, मुळा, टमाटे, कोथमीर, भरताची वांगी, सगळं येतं आणि सगळं स्वस्त असतं. म्हणून हिवाळ्यात जास्तीचं लावू नका असं नाही, पण हिवाळ्याच्या जिवावर हे काम उभं राहत नाही. भाजी परवडत नाही असे काळ दोन. पहिला एप्रिल-मे, ऊन ४४-४५ च्या वर जातं आणि पालेभाजी दिसत नाही. दुसरा जून शेवट ते ऑगस्ट, पेरणीत पैसा गेलेला, निंदणीची कामं पावसावर अवलंबून, आणि बाजारात भाजी महाग. हे दोन काळ डोळ्यासमोर ठेवून मागे मोजत या.

उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भेंडी, गवार, चवळी, गिलके, दुधी, काकडी टाका. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यात सुरू होते. उन्हाळ्यात टमाट्याच्या मागे लागू नका, ऊन वाढलं की फुलं गळतात आणि मेहनत वाया जाते. तांदुळजा आणि पोकळा मात्र ऊन सोसतात, वर हिरवी नेट असली तर फारच छान, २५-३० दिवसात कापायला येतात.

पावसाळ्यातल्या तुटवड्यासाठी आमचा सगळ्यात भरवशाचा माल म्हणजे गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा. जानेवारी-फेब्रुवारीत उकिरड्याच्या कडेला आळी करून बी लावायचं, मेमध्ये फळं पक्की होतात, देठ ठेवून तोडायची आणि घरात सावलीत, हवा लागेल अशी गोणपाटावर मांडायची, एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. दोन महिने आरामात टिकतात, चांगली पिकलेली तीनही काढतात. जुलैमध्ये पावसाची झड लागलेली असताना दारात एक सहा किलोचं गंगाफळ येणं काय असतं ते ज्याच्या घरी आलं त्यालाच विचारा. नारिंगी गर म्हणजे डोळ्यांसाठीचं अ जीवनसत्त्व, लहान पोरांना गोडसर लागतं म्हणून खातातही.

आणि शेवगा. एक झाड लावा, बास. शेंगा येतील तेव्हा येतील, पण पाला पावसाळ्यात भरपूर फुटतो, त्याची भाजी होते, वरणात जातो, पिठात मळून भाकरी होते. आमच्या एका ताईंनी पाच वर्षांपूर्वी शेवग्याची काडी लावली होती, आज त्या झाडाचा पाला चार घरं नेतात.

एप्रिल-मे मध्ये आम्हालाच प्यायला पाणी नसतं, भाजीला कुठून आणू?

नसेल तर लावू नका, मनापासून सांगते. पाणी विकत घेऊन दानाची भाजी करायची गरज नाही, त्या महिन्यांत वाळवलेली भाजी द्या, पुढे लिहिलंय. थोडंफार असेल तर मडक्याने द्या. कुंभाराकडून कच्च्या भाजणीचं साधं मडकं आणा, गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, भरून झाकण ठेवा, त्याच्या भोवती गिलके-दुधीच्या तीन-चार बिया लावा. मडकं पाझरतं, मुळं तिथे जातात, दोन-तीन दिवसाआड भरलं तरी चालतं. वर उसाचं पाचट नाहीतर केळीची वाळलेली पानं अंथरा. धान्य-भाज्या धुतलेलं पाणी वापरा, साबणाचं पालेभाजीला नको. आणि गटारीच्या पाण्यावर तर पालेभाजी बिलकुल नको, ज्यांची तब्येत आधीच नाजूक आहे त्यांना आपण जंत आणि जुलाब देऊन यायचे का?

आमच्या कापसात चवळी, भेंडी, अंबाडी असते, ती दिली तर?

हा प्रश्न शेतकरी घरातून हमखास येतो आणि उत्तर नाही असंच आहे. पूर्वी कपाशीच्या कडेला आणि मधल्या तासात बाया भेंडी, चवळी, तांदुळजा, अंबाडी टाकायच्या आणि घरचं भागायचं. आता कपाशीवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळी यांच्यासाठी एकामागून एक फवारे होतात, त्यातली बरीच औषधं भाजीसाठी नाहीतच. तुम्ही ती भाजी घरी खात असाल तर ती पण बंद करा अशी माझी हात जोडून विनंती आहे. शेजाऱ्याच्या कपाशीवरचा फवारा वाऱ्याने आपल्या वाफ्यावर येतो त्याचं काय, तर वाफा बांधापासून लांब, घराकडे किंवा विहिरीकडे घ्या, मधे तुरीच्या नाहीतर मक्याच्या दोन दाट ओळी ठेवा, शेजाऱ्याला सांगून ठेवा की फवारणार त्या दिवशी आवाज दे, तेवढा वेळ वाफ्यावर जुनी साडी टाकतो. आमच्याकडे हे चालतं, शेजारी ऐकतात.

कीड पडली तर आपण पण फवारायचं नाही का?

निंबोळी अर्क फवारा. वाळलेल्या निंबोळ्या कुटून घ्या, १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम या हिशोबाने रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर कपड्याच्या साबणाचा चुरा टाका, संध्याकाळी फवारा. निंबोळ्या पावसाच्या सुरुवातीला पडतात तेव्हाच गोळा करून वाळवून ठेवायच्या. मावा असेल तर आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन बघा. कोणी दुकानातलं औषध मारलंच असेल तर लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस ती भाजी कोणाच्याही ताटात जाता कामा नये. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आपल्याकडे ममुराबाद, पाल, धुळे, नंदुरबार इथे आहेत, फोटो दाखवला की सांगतात.

द्यायची कोणाला? ओळखायचं कसं?

यादी करायला बसू नका, आधी चार माणसांना विचारा: आशाताई, अंगणवाडीसेविका, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताई, आणि किराणा दुकानदार. दुकानदाराला बरोबर माहीत असतं की कोण पाच रुपयाचं तेल नेतं. आमची भाजी सध्या अशी जाते: दोन शाळा, एक अंगणवाडी, एक वसतिगृह, हंगामात वीटभट्टीवरची वस्ती, आणि सात घरं ज्यांची नावं आमच्यातल्या दोघींनाच माहीत आहेत.

सातपुड्यातल्या पाड्यांवर पाठवावी का असं बरेच जण विचारतात. एकदम गाडी भरून जाऊ नका. पावसात तिथल्या पावरा-भिल बाया ज्या रानभाज्या आणतात त्या आपल्याला ओळखूही येणार नाहीत, तेव्हा आपल्या कोबीची त्यांना काही गरज नसते. आम्ही एकदा विचारलं तर त्यांनी बी मागितलं, भेंडीचं आणि गिलक्याचं, आणि कांदे. तेच दिलं.

शाळेत किंवा अंगणवाडीत सरळ नेऊन देता येते का?

आधी मुख्याध्यापकांशी किंवा सेविकेशी बोला, त्यांचा मेनू वारानुसार ठरलेला असतो आणि जबाबदारी त्यांची असते. कच्ची, ताजी भाजी द्या, शिजवलेलं काही नेऊ नका. मंगळवारी सकाळी आठला ३ किलो, असं ठरवून दिलेलं त्यांना सोयीचं जातं, अचानक आलेले १० किलो डोक्याला ताप होतात. बऱ्याच शाळांमध्ये आता परसबाग आहे, तिथे भाजीपेक्षा रोपं आणि एक दिवसाची मेहनत जास्त कामाची.

तोडायची कधी, न्यायची कशी?

सूर्य वर यायच्या आत. आमच्याकडे साडेपाच-सहाला तोडणी आणि आठच्या आत पोच. पालेभाजी पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, मे महिन्यात पिशवीत बांधलेला पालक एका तासात उकडल्यासारखा होतो, हे आमच्याकडून झालेलं आहे आणि ती सगळी भाजी गुरांना घालावी लागली. भेंडी-गवार कोरडी ठेवा, ओली झाली की काळी पडते. वांगी देठासकट. आणि निवडून द्या. किडकी, जून झालेली, पिवळी पानं आपल्या घरी ठेवा, त्यांच्याकडे जाईल ती आपण पाहुण्याला वाढू अशी पाहिजे.

वाळवून दिलेली चालते का?

चालते काय, धावते. खान्देशात एप्रिलमध्ये अंगणात बिबडे, पापड, कुरडया घालतोच ना आपण, त्याच उन्हात भाजी वाळवायची. गवार वाफवून, मेथी निवडून, वांग्याच्या फोडी, कारल्याच्या चकत्या, अंबाडीचा पाला, कोवळी भेंडी. पाला सावलीत वाळवा, रंग आणि कस टिकतो, बाकीचं कडक उन्हात, वरून पातळ सुती साडी झाकून. कडकडीत मोडली पाहिजे, जरा मऊ लागली तरी बुरशी धरते. फेब्रुवारीत पडेल भावात जाणारी मेथी अशी ठेवली की तीच आषाढात सोन्यासारखी. तुरीच्या वरणात मूठभर टाकली की झालं काम. पाकिटावर वाळवल्याचा महिना लिहून द्या.

केळीचं काय करता येईल?

रावेर, यावल, चोपड्यात केळी गाडीत भरतात त्या दिवशी बारीक, वाकडे, डाग पडलेले फणे बाजूला काढतात आणि बांधावर तसेच पडून राहतात. मालकाला आदल्या दिवशी विचारा, आजवर आम्हाला कोणी नाही म्हटलेलं नाही. कच्च्या केळीची भाजी होते, राहिलेली पेंढ्यात झाकून घरीच पिकवा. कार्बाइड अजिबात नको, त्यावर बंदी आहे आणि ती कारणाशिवाय नाही. एका वीटभट्टीवर आम्ही दर गुरुवारी केळी देतो, पोरं बुधवारपासूनच विचारायला लागतात.

लोकांना कमीपणा वाटत नाही का?

वाटतो. म्हणून आम्ही फोटो काढत नाही, नावं सांगत नाही, रांग लावत नाही. शेजारणीला वाटी देतो तशी पिशवी जाते, "ताई, यंदा गिलके फार लागले, घ्या" एवढंच बोलणं. आणि त्यांनी काही परत दिलं तर घ्यायचं. एका आजी दरवेळी पिशवी रिकामी पाठवत नाहीत, दोन लिंबं, थोडी चिंच, काहीतरी असतंच. पहिल्यांदा आमच्यातली एक नको म्हणाली आणि आजींचा चेहरा उतरला, तेव्हा समजलं.

माझी दोन एकर कोरडवाहू आहे, मी विकू की देऊ?

विका, दादा. आधी तुमचं घर. तुमच्यासारख्याने फार तर बांधावर शेवगा लावा आणि रोपं करायला मदत करा. हे काम ज्याच्याकडे पगार किंवा बागायत आहे त्याचं आधी आहे.

खर्च किती येतो?

देशी बी एकदा घेतलं की पुढच्या वर्षी आपलंच. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं म्हणून या वाफ्यात आम्ही देशीच लावतो. एक-दोन चांगली गिलकी, दोन भेंड्या वेलावर-झाडावर वाळू द्या, बी राखेत घोळवून काचेच्या बाटलीत ठेवा. खत शेणाचं आणि पाल्याचं. खरा खर्च पेट्रोलचा आणि वेळेचा आहे, म्हणून दोन किलोमीटरच्या आतली घरंच धरा.

फक्त भाजीने कुपोषण जातं का?

नाही जात. पोर खूप रोड दिसत असेल, अंगावर सूज असेल, खात नसेल, तर भाजी देऊन समाधान मानू नका, त्याच दिवशी अंगणवाडीत न्या. तिथे दंडाचा घेर मोजतात, सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर तीव्र कुपोषण धरतात आणि ग्राम बाल विकास केंद्र किंवा दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात उपचार होतो. रेशन कार्ड नसेल तर तहसीलला सोबत जा, अर्ज लिहून द्या. आमच्या एका मावशींचं कार्ड व्हायला सहा चकरा लागल्या, त्या चकरा त्यांना एकटीला झाल्या नसत्या. भाजी नेऊन द्यायला आपण दारापर्यंत जातो म्हणून हे सगळं दिसतं तरी.

एकट्याने सुरू करता येईल का?

येईल. एक वेल, एक घर, आठवड्यातला एक वार. आम्ही पण तिघींनीच सुरू केलं होतं. फक्त वार चुकवू नका, लग्नकार्य असलं तरी शेजारणीला सांगून जा, कारण त्या घरात त्या दिवशीची भाजी तुमच्या भरवशावर विकत आणलेली नसते.

भाजी देण्यापेक्षा त्यांनाच लावायला शिकवा ना?

जागा असेल तिथे तेच करतो. मघाशी सांगितलं त्या माय, गल्लीच्या मागच्या, त्यांच्या झोपडीच्या कुडाला मागच्या फेब्रुवारीत दोन गिलक्याचे वेल लावून दिले, मडकं पुरून. मे महिन्यात गेले तर कुडावर पिवळी फुलं आणि खाली दोन गिलकी बियांसाठी राखून ठेवलेली, त्यांना चिंधी बांधलेली, कोणी चुकून तोडू नये म्हणून. यंदाचं आमचं निम्मं बी त्यांच्याकडचं आहे. ज्यांना गिलक्याचं किंवा गंगाफळाचं बी पाहिजे असेल त्यांनी जानेवारी संपायच्या आत कळवा, एसटीच्या पार्सलने पाठवते, रिकामी बाटली मात्र परत पाठवा.